घरातल्या तिघांची थायरॉइडची गोळी सेट करताना: नाशिक, एप्रिल २०२४ ते मार्च २०२५

२२ एप्रिल २०२४

सिडकोतलं घर. पेशंट तीन, गोळी एकच, लेव्होथायरॉक्सिन (बाहेरून दिलेला थायरॉइड हॉर्मोन). डोस मात्र तिघांचे वेगळे. सुरुवातीचे आकडे असे (टीएसएच म्हणजे थायरॉइडला काम करायला सांगणारा मेंदूकडचा हॉर्मोन, ग्रंथी कमी पडली की तो चढतो; फ्री टी४ म्हणजे रक्तातला मोकळा थायरॉइड हॉर्मोन):

आई: वय ६८, वजन ६२ किलो, चार वर्षांपूर्वी एक स्टेंट. टीएसएच १४.२, फ्री टी४ ०.७. नवीन निदान.

दादा: वय ३६, वजन ८० किलो, अंबड एमआयडीसीत तीन पाळ्यांचं काम. टीएसएच ४२, फ्री टी४ ०.५, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १७२. नवीन निदान.

वहिनी: वय ३१, वजन ५८ किलो, हाशिमोटो (शरीराची प्रतिकारशक्ती थायरॉइडवरच उलटते तो आजार). तीन वर्षांपासून ७५ एमसीजी (मायक्रोग्रॅम) चालू, तरी टीएसएच ६.८. मूल हवंय, त्यामुळे डॉक्टरांना टीएसएच २.५च्या आत हवा आहे.

आमच्या लॅबची रेंज टीएसएचसाठी ०.४ ते ४.२, फ्री टी४साठी ०.८ ते १.८. दुसऱ्या लॅबचा रिपोर्ट शेजारी ठेवताना आधी त्यांची रेंज वाचायची, नुसते आकडे जुळवायचे नाहीत.

डोस डॉक्टरांनी ठरवले. दादाला थेट पूर्ण डोस: दर किलोमागे १.६ एमसीजी धरले तर ८० किलोला १२८ होतात, म्हणून १२५. वय कमी, हृदयाची तक्रार नाही, त्यामुळे हळूहळू चढवत बसायची गरज नाही. त्याच हिशेबाने आईला १०० लागतील, पण सुरुवात फक्त २५ने, तीही ईसीजी बघून. हॉर्मोन वाढला की हृदयाचं काम वाढतं; स्टेंट असलेल्या माणसाला एकदम मोठा डोस दिला तर छातीत दुखणं किंवा ठोके अनियमित होणं हा खरा धोका आहे.

दादाच्या कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन आत्ता नाही. थायरॉइड कमी असला की एलडीएल आपोआप चढतं, आणि त्याच अवस्थेत स्टॅटिन दिलं तर स्नायू दुखण्याचा त्रास जास्त होतो. आधी टीएसएच खाली आणायचा, मग लिपिड प्रोफाइल परत.

वहिनीच्या चिठ्ठीवर १०० लिहिले होते. गोळी कशी घेता, हे विचारल्यावर कळलं की गोळीनंतर दहा मिनिटांत दुधाचा चहा. डॉक्टरांनी १०० खोडून ७५च ठेवले: आधी चहा मागे सरकवा, सहा आठवड्यांनी बघू. या नोंदींतला मुख्य मुद्दा हाच आहे. डोसला हात लावण्याआधी गोळी पोटात नेमकी कशी जाते ते तपासायचं.

२४ एप्रिल

बाटल्यांची जागा. बाहेर चाळीसच्या आसपास तापमान. बाटलीवर २५ अंशांच्या खाली, उजेड आणि ओल टाळून ठेवा असं छापलेलं. आतापर्यंत वहिनीची बाटली ओट्यावरच्या फळीवर, गॅसपासून दोन हातांवर होती. वरण शिजताना वाफ थेट तिथे. फ्रिजच्या वरची जागा त्याहून वाईट, तिथे मोटरची ऊब लागते. फ्रिजच्या आत ठेवायचा विचार झाला, पण रोज थंड बाटली बाहेर काढून उघडली की आत दमट हवा जाऊन गोळ्यांना ओल लागते. आतल्या खोलीतलं लोखंडी कपाट ठरलं, मधला कप्पा, ज्या भिंतीवर ऊन येत नाही तिथला.

बाटलीतली सिलिकाची पुडी फेकायची नाही. आठवड्याच्या डबीत सातच गोळ्या भरायच्या, महिन्याच्या नाही. जुन्या बाटलीत उरलेल्या गोळ्या नव्या बाटलीत ओतायच्या नाहीत. एक्स्पायरी कुठली धरायची ते मग कळत नाही.

आज मोठा घोळ होता होता टळला. आईची २५ची आणि दादाची १२५ची बाटली एकाच कंपनीची: तेच झाकण, तेच लेबल, फरक फक्त एका आकड्याचा. आई चष्म्याशिवाय वाचते तेव्हा तिला ‘२५’ एवढंच दिसतं. स्टेंटवाल्या माणसाने पाचपट डोस आठवडाभर घेतला असता तर हॉस्पिटल गाठावं लागलं असतं. उपाय: झाकणांवर जाड मार्करने आ, दा, व. शिवाय आईची बाटली वेगळ्या कप्प्यात. एका घरात दोन पेशंट असतील तर हे पहिल्याच दिवशी करा.

२७ एप्रिल

चहा.

नियम साधा आहे: रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर, त्यानंतर किमान अर्धा तास, शक्यतो तासभर काही नाही. रिकाम्या पोटीसुद्धा गोळीतलं साधारण ७० ते ८० टक्केच औषध रक्तात जातं. चहा, कॉफी, दूध मध्ये आलं की तेही घटतं, आणि वाईट म्हणजे रोज वेगवेगळं घटतं. कमी पण ठरावीक जात असेल तर डोस वाढवून भागतं. कमी-जास्त होत राहिलं तर कुठलाच डोस बसत नाही.

आमच्या गल्लीत नळाला पहाटे साडेपाचला पाणी येतं, आई तेव्हा उठतेच. गोळी त्या वेळेला बांधली: मोटर सुरू केली की पहिला पेला पाणी आणि गोळी. पाणी भरून, झाडलोट होऊन ओट्याशी यायला साडेसहा होतात, तेव्हा चहा. घड्याळाचा गजर दोन दिवसांत बंद केला गेला होता. नळाचं पाणी बंद करता येत नाही. वहिनीचंही तेच वेळापत्रक.

पाणी म्हणजे नुसतं पाणी. पाण्याच्या नावाखाली सापडलेले बाकी प्रकार: लिंबू-मध, मेथीचं पाणी, आवळ्याचा रस, आणि धन्याचं पाणी. धन्याच्या पाण्याने थायरॉइड ‘मुळापासून जातो’ असा मेसेज आईकडे तीन ग्रुपांतून आलेला. प्यायचं असेल तर गोळीनंतर तासाभराने प्या, हरकत नाही. गोळीऐवजी मात्र नाही. ग्रंथी हॉर्मोन बनवत नसेल तर तो बाहेरूनच द्यावा लागतो. आयोडीनच्या गोळ्या आणि समुद्री शेवाळाच्या कॅप्सूल यांचाही इथे उपयोग नाही. आयोडीनयुक्त मिठात पुरेसं असतं, आणि हाशिमोटोत जादा आयोडीनने बिघडूही शकतं.

कोबी-फ्लॉवर बंद करायचं का, हे वहिनीने विचारलं. शिजवून भाजी खाल्ली तर काही होत नाही. सोयाबीनच्या वड्या आणि सोया दूध मात्र गोळीच्या जवळच्या वेळेत नको.

३ जून

सहा आठवड्यांची तपासणी. याआधी करून उपयोग नसतो. या हॉर्मोनचं रक्तातलं अर्धं आयुष्य (निम्मं उरायला लागणारा वेळ) साधारण सात दिवसांचं, त्यामुळे नवा डोस स्थिरावायला पाच-सहा आठवडे जातात. म्हणजे गोळीत काही गडबड असेल तर ती कळायला आणि दुरुस्त झाल्याचं कळायला प्रत्येक वेळी दीड महिना. पैसे फार जात नाहीत, वेळ जातो.

रक्त गोळीच्या आधी द्यायचं. गोळी घेतल्यावर दोन ते चार तास फ्री टी४ वर चढलेला असतो. घरी येणारा लॅबचा मुलगा सातला येतो. तोपर्यंत गोळी वाटीत काढून ठेवायची, सुई निघाली की घ्यायची. टीएसएच दिवसभरात बदलतो, रात्री जास्त आणि दुपारी कमी, म्हणून प्रत्येक वेळी सकाळी सात. एकदा सकाळी आणि एकदा दुपारी दिलेलं रक्त एकमेकांशी ताडून बघू नका.

बिल: लॅबने सवयीने टी३, टी४, टीएसएचचं पूर्ण प्रोफाइल लावलेलं. डोस बघण्यासाठी टीएसएच पुरतो, सुरुवातीला सोबत फ्री टी४. पुढच्या वेळेपासून तेवढंच लिहून घेतलं. माणशी खर्च जवळपास अर्ध्यावर आला. अँटी-टीपीओ (हाशिमोटो ओळखायची अँटिबॉडी चाचणी) एकदा झाली की झाली, ती परत परत करायची चाचणी नाही. गोळी स्वतः स्वस्त आहे, दीड-दोन रुपयांना एक. खर्च होतो तो तपासण्यांवर.

आता रिपोर्ट.

आई: टीएसएच १०.९. उतरला, पण कमी. गोळ्यांची पिशवी उलटी केली तर कॅल्शियमची ५०० एमजीची गोळी नाश्त्याबरोबर पावणेआठला, म्हणजे थायरॉइडच्या गोळीनंतर सव्वादोन तासांनी. कॅल्शियम, आयर्न, अ‍ॅल्युमिनियम असलेलं अँटासिड यांच्यात चार तासांचं अंतर लागतं. कॅल्शियम रात्रीच्या जेवणानंतर नेलं.

दुसरी गोळी पँटोप्राझोल, गॅसची. हिचा प्रकार वेगळा आहे आणि इथेच बरेच जण फसतात. ही वेळ बदलून सुटत नाही. ती दिवसभर पोटातलं आम्ल कमी ठेवते आणि थायरॉइडची गोळी विरघळायला ते आम्ल लागतं. स्टेंटच्या औषधांमुळे ती बंद करता येणार नाही. मग एकच मार्ग: रोज नेमाने घ्यायची, आणि थायरॉइडचा डोस त्या हिशेबाने ठरवू द्यायचा. अधूनमधून ‘आज जळजळ नाही’ म्हणून ती गाळायची नाही. रात्रीचं इसबगोल चालू राहील, पण सकाळी नको.

डोस २५च. आधी कॅल्शियमचा परिणाम बघायचा.

दादा: टीएसएच १९, फ्री टी४ १.९. हे दोन आकडे एकत्र बसत नाहीत. हॉर्मोन रेंजच्याही वर आणि टीएसएच अजून चढलेला. असं दिसलं की पहिला संशय एकच: आधीचे आठवडे गोळ्या चुकल्या आणि तपासणीच्या आधी काही दिवस भरून काढल्या. फ्री टी४ लगेच चढतो. टीएसएचला उतरायला आठवडे लागतात. त्यामुळे टीएसएच आधीची हकिगत सांगतो आणि फ्री टी४ कालची. शंभराची बाटली २३ एप्रिलला उघडली होती, आजपर्यंत ५८ उरायला हव्या होत्या. मोजल्या तर ७१.

चुकल्या त्या सगळ्या रात्रपाळीच्या आठवड्यांत. सकाळी सातला पाळी सुटते, साडेसातला घरी, पोहे-चहा होऊन झोप. ‘सकाळी उठल्यावर’ हा नियम लागू होईल अशी सकाळच त्या आठवड्यात येत नाही.

वहिनी: टीएसएच ०.१५, फ्री टी४ २.१. डोस तोच, ७५. नुसता चहा सरकवून ६.८वरून इथे येणं शक्य वाटत नाही. नाडी ७२, हात थरथरत नाहीत, घाम नाही, वजन तेवढंच. हा रिपोर्ट घेऊन गेलं की बऱ्याच ठिकाणी डोस कमी केला जाईल. डॉक्टरांनी आधी विचारलं: केसांसाठी काही चालू आहे का? चालू होतं. मे महिन्यात केस गळतात म्हणून बायोटिन (बी गटातलं एक जीवनसत्त्व), १० एमजी, रोज एक.

४ जून

बायोटिनचा हिशेब इथे लिहून ठेवतो, कारण हे बऱ्याच घरांत चालू असतं आणि औषध म्हणून कोणी सांगत नाही. अनेक लॅबच्या यंत्रांत ही तपासणी बायोटिन आणि त्याला घट्ट चिकटणारं स्ट्रेप्टाव्हिडिन हे प्रथिन, या जोडीवर चालते. रक्तात बाहेरचं बायोटिन भरपूर असलं की तपासणीच चुकते: टीएसएच खोटा कमी, फ्री टी४ खोटा जास्त. म्हणजे कागदावर डोस जास्त झाल्यासारखं दिसतं आणि पेशंटच्या अंगात तसं काहीच नसतं. तपासणीआधी किमान दोन दिवस बंद ठेवायचं. एवढ्या मोठ्या डोसला आठवडा सोडलेला बरा. मल्टिव्हिटॅमिनच्या आणि ‘हेअर-स्किन-नेल’च्या गोळ्यांची लेबलं वाचा, त्यात असतं.

थायरॉइडमुळे गळणारे केस गोळीने थांबतात, पण त्याला महिने लागतात. तेवढा धीर नसतो म्हणून बायोटिन, आणि त्याने रिपोर्ट बिघडतो.

१० जून

वहिनीची तपासणी परत, बायोटिन आठवडाभर बंद ठेवून. टीएसएच ३.४, फ्री टी४ १.३. हा खरा आकडा. म्हणजे चहाने आपलं काम केलं आहे, उरलेलं कुठे अडतंय ते शोधायचं. सापडलं: हिमोग्लोबिनसाठी आयर्नची गोळी, नाश्ता झाल्याबरोबर. ती दुपारी चारला नेली, लिंबू सरबताबरोबर, चहाबरोबर नाही.

दादाची व्यवस्था: घड्याळ सोडून दिलं. नियम असा, की झोपेतून उठल्यावर पहिलं पाणी गोळीसोबत, मग ती झोप सकाळी संपो नाहीतर दुपारी तीनला. दिवसपाळीला पहाटे पाच, रात्रपाळीला दुपारी. दोन गोळ्यांमधलं अंतर कधी चौदा तास, कधी चौतीस. सात दिवसांच्या अर्ध्या आयुष्यापुढे हा फरक रिपोर्टमध्ये दिसत नाही. पोट मात्र रिकामं हवं. डबी उशाशी, पाण्याच्या बाटलीला रबरबँडने बांधलेली.

चुकलेली गोळी त्याच दिवशी आठवली तर जेवणानंतर तीन-चार तासांनी घ्यायची. दुसऱ्या दिवशी आठवली तर काय करायचं, हे डॉक्टरांकडून प्रत्येकाचं वेगळं लिहून घेतलं आहे. दादाला एक जादा घ्यायला परवानगी आहे, आईला नाही.

१५ जुलै

आई ८.६. डोस तोच असून फक्त कॅल्शियम हलवल्यावर एवढा फरक. आता डॉक्टरांनी ३७.५ केले: २५ची एक आणि १२.५ची एक. २५ची अर्धी तोडण्यापेक्षा हे बरं. सुरीने तोडलेली गोळी कधी बरोब्बर अर्धी होत नाही आणि चुरा डबीत राहतो.

दादा ६.१. वहिनी २.३, डोस न वाढवता. एप्रिलमध्येच १०० केले असते तर चहा आणि आयर्न आहेत तिथेच राहिले असते, आणि ज्या दिवशी ते सुटले त्या दिवसापासून डोस जास्त झाला असता.

५ ऑगस्ट

श्रावण सुरू. उपवासाला आईचा पहिला घास म्हणजे खजूर घालून दूध, तेही पहाटे देवपूजा झाल्यावर लगेच, सहाच्या आत. चहा सरकवला होता, दूध कुणाच्या लक्षात नव्हतं. दुधातलं कॅल्शियम तेच काम करतं. उपवासाच्या दिवशी दूध साडेसहानंतर, एवढाच बदल.

१९ ऑगस्ट

मेडिकलमध्ये वहिनीची ७५ची बाटली नाही. दुकानदाराने दुसऱ्या कंपनीची ७५ पुढे केली, ‘कंटेंट तोच आहे’ म्हणून. कंटेंट तोच असतो, पण या औषधात थोडा फरकही रिपोर्टला दिसतो; कंपनी बदलली तर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच परत करावा लागतो. गरोदरपणाच्या तयारीत असताना हा खेळ नको. त्याच कंपनीची ५० आणि २५ अशा दोन बाटल्या घेतल्या. दोन गोळ्या मिळून ७५, चालतं. थोडे पैसे जास्त गेले. बाटली संपायच्या पंधरा दिवस आधी दुसरी आणायची, हे आता कपाटाच्या दारावर लिहिलं आहे.

कंपनी बदलावीच लागली तर बदलल्याची तारीख रिपोर्टच्या फाइलवर लिहा. नाहीतर तीन महिन्यांनी टीएसएच का हलला याचा शोध घेताना ही गोष्ट कुणालाच आठवत नाही.

२६ ऑगस्ट

दादा २.४. एलडीएल १२८. स्टॅटिनची चर्चा डॉक्टरांनी पुढे ढकलली. वजन दोन-अडीच किलो उतरलं, त्यातलं बरंचसं अंगातलं साठलेलं पाणी. गोळीने पोट उतरेल ही दादाची अपेक्षा होती; तसं होत नाही. रविवारच्या मिसळीचा हिशेब वेगळाच द्यावा लागतो.

आई ६.४. आता ५०. बसल्या जागी नाडी रोज संध्याकाळी मोजून वहीत: ७० ते ७८. ९०च्या वर राहिली, धडधडलं किंवा जिना चढताना छाती भरून आली तर पुढच्या तपासणीची वाट न बघता डॉक्टरांकडे.

६ सप्टेंबर

हरतालिका, निर्जळी. आईची हट्टाने ५० वर्षांची परंपरा. थायरॉइडची एक गोळी चुकली तर काही बिघडत नाही, हे डॉक्टरांनीच फोनवर सांगितलं; पण स्टेंटच्या गोळ्या चुकवून चालणार नाहीत, त्या पाण्याबरोबर घ्यायच्याच. शेवटी शेजारच्या आजींनी निवाडा दिला की औषधाचं पाणी उपासात धरत नाहीत. साडेपाचला सगळ्या गोळ्या नेहमीसारख्या झाल्या.

१२ सप्टेंबर

वहिनीची घरची टेस्ट पॉझिटिव्ह. जुलैतच डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून ठेवलं होतं: पॉझिटिव्ह आली की त्याच दिवसापासून आठवड्याला दोन गोळ्या जादा, सातऐवजी नऊ डोस. बुधवार आणि रविवार दुप्पट. अपॉइंटमेंट मिळेपर्यंत थांबायचं नाही. बाळाची स्वतःची ग्रंथी सुरुवातीचे महिने पुरेसं बनवत नाही, ते आईच्याच हॉर्मोनवर असतं; गरज २५ ते ३० टक्के वाढते आणि ती पहिल्या काही आठवड्यांतच वाढते. ज्यांना मूल हवंय आणि गोळी चालू आहे त्यांनी ही सूचना आधीच लिहून घ्या. ऐनवेळी डॉक्टर गावाला गेलेले असतात.

१६ सप्टेंबर: टीएसएच ३.३. रोज १००. घरातल्या ५०च्या दोन.

१४ ऑक्टोबर

वहिनी २.६. डोस ११२. मेडिकलला ही स्ट्रेंग्थ ठेवत नाहीत, सांगून दोन दिवसांनी आली. तोपर्यंत १००च चालू. गरोदरपणात सहा आठवडे थांबत नाहीत, निम्मे दिवस भरेपर्यंत दर चार आठवड्यांनी तपासणी.

उलट्या सुरू. साडेपाचची गोळी सहाला बाहेर. रात्री हलवली: जेवण साडेसातला, गोळी पावणेअकराला. तीन तासांचं रिकामं पोट रात्रीही मिळतं, फक्त नंतर दूध नाही. रात्रीचं हळद-दूध द्यायचा घरचा रिवाज आहे. ते संध्याकाळी सहाला आणलं.

आई (७ ऑक्टोबरचा रिपोर्ट, ऐन नवरात्रात): ४.१. डोस ५०वर थांबला. या वयात, स्टेंट असताना, टीएसएच २च्या खाली ओढायचा हट्ट करायचा नाही असं डॉक्टरांचं म्हणणं. डोस जास्त झाला तर हाडं ठिसूळ होतात आणि हृदयाचे ठोके बिघडतात, आणि या वयात दोन्ही महागात पडतं. पुढची तपासणी सहा महिन्यांनी.

१८ नोव्हेंबर

११ तारखेचा वहिनीचा टीएसएच १.८. चौदावा आठवडा पार, म्हणून आयर्न आणि कॅल्शियम दोन्ही चालू. इथे वेळापत्रकाचा गुंता. कॅल्शियम दोन वेळा जेवणानंतर लिहिलेलं, म्हणजे एक रात्रीच्या जेवणानंतर आठला, गोळी पावणेअकराला. तीन तासही होत नाहीत. गोळी सकाळी परत न्यावी तर मळमळ अजून गेलेली नाही. शिवाय कॅल्शियम आणि आयर्न एकमेकांजवळ नकोत.

बऱ्याच मांडामांडीनंतर बसलेलं:

सकाळी ९, नाश्त्यानंतर कॅल्शियम
दुपारी १, जेवणानंतर कॅल्शियम
संध्याकाळी ५, आयर्न, लिंबू पाण्याबरोबर
संध्याकाळी ७.३०, जेवण
रात्री १०.४५, थायरॉइडची गोळी

चहा साडेतीनला, आयर्नच्या आधी. ही चिठ्ठी फ्रिजवर. स्त्रीरोगतज्ज्ञांच्या आणि थायरॉइडच्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वेगळ्या असतात. दोन्हींतल्या वेळा एका कागदावर मांडायचं काम कुणीतरी घरातच करावं लागतं.

६ जानेवारी २०२५

वहिनी ९ डिसेंबरला १.६, आज १.९. आता एकदम तिसाव्या आठवड्याला.

दादाची बाटली मोजली: हिशेबाला दोनच जास्त. टीएसएच २.१. आता वर्षातून एकदा, किंवा वजन बरंच बदललं, नवीन औषध लागलं तर. फिट्सच्या आणि टीबीच्या काही गोळ्यांनी या हॉर्मोनची गरज वाढते. कुठलंही नवीन औषध लिहून घेताना ‘थायरॉइडची गोळी चालू आहे’ हे सांगायचं.

६ मार्च

वहिनीचा तिसाव्या आठवड्याचा टीएसएच १.७. डोस ११२वर कायम. उलट्या गेल्या, पण रात्रीची वेळ तशीच ठेवली. बसलेलं वेळापत्रक उगाच हलवलं तर परत चार आठवडे थांबून बघावं लागेल.

फाइलच्या पहिल्या पानावर पुढचं लिहून ठेवलं आहे. बाळंतपणानंतर लगेच जुना डोस, ७५. सहा आठवड्यांनी टीएसएच. गोळी चालू ठेवून अंगावर पाजायला हरकत नाही. बाळाची टाचेतून रक्त घेऊन थायरॉइडची तपासणी तिसऱ्या ते पाचव्या दिवशी. त्याआधी डिस्चार्ज मिळाला तर कुठे आणि कधी आणायचं ते हॉस्पिटलला आत्ताच विचारायचं. ११२ची अर्धी बाटली उरेल, ती झाकणावर फुली मारून वेगळी काढायची. डिंकाच्या लाडवांबरोबर सकाळी दूध येणार, तेव्हा गोळी रात्रीच राहू द्या.